चॅट अडलं की आधी वर जा

प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात मी गाइडशी भांडले नाही इतकी एआय असिस्टंटशी भांडले. त्यातून जे हाती लागलं ते सांगते. खातं उघडणं, प्रश्न टाकणं तुम्हाला येतं असं धरते.

किरकोळ अडचणी आधी उरकू. उत्तर अर्ध्यात तुटलं तर 'पुढे लिही' म्हणा. नुसतं चक्र फिरत राहिलं तर पान रिफ्रेश करा, पण त्याआधी आपला लांबलचक प्रश्न कॉपी करून ठेवा. माझे दोन असेच गेले. तरी हललं नाही तर प्रायव्हेट विंडोत उघडून बघा, कधीकधी ब्राउझरचं एखादं एक्स्टेंशन आडवं येतं. स्कॅन केलेली पीडीएफ दिली असेल तर त्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा लिहायला लावा आणि मूळ पानाशी ताडून बघा. वाचलंय की नुसती मान डोलावली, ते कळतं.

आता मी जिथे बुडाले ते. माझ्या सर्वेक्षणात ४८ जण होते. पहिल्या दिवशी घाईत ८४ टाइप झालं. लक्षात आल्यावर लिहिलं, '८४ नाही, ४८.' असिस्टंटने माफी मागितली, दुरुस्तही केलं. मग त्याच एका चॅटमध्ये मी अकरा दिवस काम करत राहिले, कारण 'याला आता माझा विषय कळलाय' असं वाटायचं. नवव्या दिवशी एका टक्केवारीत ८४ परत हजर. पुन्हा सुधारलं. मग उद्गारचिन्हं लावून सुधारलं.

असिस्टंटमागचं मॉडेल, म्हणजे उत्तर तयार करणारा प्रोग्राम, प्रत्येक उत्तर देताना आधीच्या संवादावरून पुन्हा नजर फिरवतं. तुमची दुरुस्ती जुन्या वाक्याच्या जागी बसत नाही, त्याच्या खाली जोडली जाते. ८४ तिथंच राहतं. उलट मी जितक्यांदा '८४ नाही' म्हणाले, तितक्यांदा मीच ते नव्याने लिहून ठेवलं! शिवाय एका वेळी किती मजकूर त्याच्यासमोर मावेल याला टोकनांची, म्हणजे शब्दांच्या छोट्या तुकड्यांची, मर्यादा असते. संवाद त्यापलीकडे गेला की सुरुवातीचा भाग गळू शकतो, आणि गळालं म्हणून कोणी सांगायला येईलच असं नाही. मराठी मजकूर सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो, म्हणजे आपलं चॅट आणखी लवकर भरतं.

म्हणून खाली भांडत बसू नका. वर जा, चुकलेला मेसेज एडिट करा, तिथूनच पुन्हा उत्तर घ्या. एडिटची सोय नसेल तर नवं चॅट. मी आता पक्क्या माहितीच्या दहा ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवते आणि प्रत्येक नव्या चॅटच्या डोक्यावर चिकटवते. जुनं चॅट सोडताना जीव तुटतो, मान्य. दोन दिवसांत सवय होते, खरंच.

आणि 'तुला खात्री आहे का?' हा प्रश्न तपासणी म्हणून विचारूच नका. कधी बरोबर उत्तरही ते घाबरून बदलतं, कधी चुकीचं छातीठोकपणे परत सांगतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वकिलाने चॅटजीपीटीने दिलेला खटला खरा आहे का, हे चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. ते हो म्हणालं. खटला बनावट निघाला आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. संदर्भ असेल तर ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधा. आकडा असेल तर आपल्या स्प्रेडशीटमध्ये.

प्रॉम्प्ट म्हणजे आपण असिस्टंटला लिहितो ती सूचना. 'हजार जादुई प्रॉम्प्ट' छापाच्या फाइली मीही गोळा केल्या होत्या. एकीनेही ८४ हटवलं नाही. 'प्रॉम्प्ट नीट दे' एवढंच सांगणाऱ्या सीनियरचंही ऐकू नका. आपलं चॅट उघडून दाखवेल असा सीनियर गाठा, मग तो वर्षाने लहान असला तरी चालेल. मला असा एक भेटला. त्याने माझं चॅट पहिल्या मेसेजपर्यंत वर सरकवलं आणि काही न बोलता बोट ठेवलं.

तोवर प्रत जमा झाली होती. तक्ता ३ मध्ये अजून ८४ आहे.