साइटवरचा प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर: नव्या सर्व्हेअरसाठी

रस्त्याच्या कामावर नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) आहे, ऑफिसात एक्सेल आहे, मग जुन्या सर्व्हेअरच्या खिशात अजून तो कॅसिओ एफएक्स-5800पी कशाला?

मे महिन्यात भरावावर उभं राहिलात की अर्धं उत्तर मिळतं. लॅपटॉपचा पडदा दिसत नाही, फोन तापून बंद पडतो. हा कॅल्क्युलेटर एका ट्रिपल-ए सेलवर चालतो. ग्रेडरवाला खोळंबलेला असतो, चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) टाकायचं आणि एफआरएल (तयार रस्त्याची पातळी) सांगायचा.

पण खरं कारण वेगळं आहे. टोटल स्टेशनमध्ये कोऑर्डिनेट एक्सेलच्या फाइलमधून जातात. फाइलच चुकली असेल तर यंत्र ती चूक मिलिमीटरपर्यंत अचूक जमिनीवर उतरवतं. कॅल्क्युलेटरमध्ये आपण ड्रॉइंगवरची त्रिज्या, ग्रेडियंट (चढ-उताराची टक्केवारी), वक्राची लांबी स्वतः भरतो. दोन वाटांनी आलेलं उत्तर जुळलं, तरच खुंटी ठोकायची.

आता यातला एक सापळा. मला याने फार छळलं, म्हणून सविस्तर सांगतो. दोन बिंदूंमधलं अंतर आणि बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) काढायला ‘पोल’ फंक्शन वापरतात. त्यात आधी नॉर्दिंगचा (उत्तरेकडच्या कोऑर्डिनेटचा) फरक, मग ईस्टिंगचा (पूर्वेकडच्या). शाळेपासून एक्स म्हणजे आडवा, म्हणून हात आपोआप ईस्टिंग आधी टाकतो. समजा नॉर्दिंगचा फरक 30 आणि ईस्टिंगचा उणे 40 आहे. बरोबर क्रमाने अंतर 50 आणि कोन उणे 53°07′48″ येतो. उणे आला की 360 मिळवा, बेअरिंग 306°52′12″, म्हणजे वायव्य. उलट्या क्रमाने कोन येतो 143°07′48″, म्हणजे आग्नेय. आणि अंतर? तेही 50 च! अंतर जुळतं म्हणून कुणाला शंका येत नाही. त्यात चाचणीला दोन्ही फरक सारखे असलेला बिंदू घेतलात, तर 45° दोन्हीकडून येतो आणि चुकीचा प्रोग्रामही पास होतो. म्हणून चाचणी चारही दिशांना करा, फरक असमान ठेवा. शिवाय ‘पोल’ची उत्तरं आय आणि जे या व्हेरिएबलमध्ये बसतात. तिथे तुमचं दुसरं काही साठवलेलं असेल तर ते गेलंच.

सीनियरचा प्रोग्राम जसाच्या तसा उतरवून घेऊ नका. तो ज्या रस्त्यासाठी लिहिला, तिथली वळणं डावी होती की उजवी, हे त्यालाही आठवत नसतं. जो सीनियर प्रोग्राम देतो पण एकेक ओळ समजावून सांगत नाही, त्याच्याकडून चहा घ्या, प्रोग्राम नको. हे माझं ठाम मत आहे.

घाबरू मात्र नका. पाच-सहा ओळींत काम होतं आणि महिनाभरात हात बसतो. परीक्षेसाठी मात्र याच्यावर विसंबू नका, गेटला तर स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही.

सुरुवात व्हर्टिकल कर्व्हपासून, म्हणजे चढ आणि उतार जोडणाऱ्या उभ्या वक्रापासून करा. सुरुवातीचा आरएल (पातळी) 100.000, ग्रेडियंट अधिक 2 आणि उणे 1 टक्का, लांबी 150 मीटर. आधी वहीत सोडवा, मग प्रोग्राम लिहा. सर्वांत उंच बिंदू 100 मीटरवर 101.000 आणि शेवट 100.750 आला पाहिजे. तो येईपर्यंत वळणाच्या प्रोग्रामला हात लावू नका.