महामार्गाचा भराव आणि पुराचे पाणी : पंचगंगा-कृष्णा काठच्या शेतकऱ्यांसाठी पावसाळ्यानंतरचा सल्ला

परतीचा पाऊस ओसरल्यापासून ऊसतोड सुरू होईपर्यंतचा काळ नदीकाठच्या शेतकऱ्याला थोडाच मिळतो आणि त्यातच रब्बीची पेरणीही उरकायची असते. तरीही ज्यांच्या गटाजवळून महामार्गाचे रुंदीकरण किंवा नवी आखणी जाणार असल्याची चर्चा आहे, त्यांनी यातील एक-दोन दिवस कागदपत्रांसाठी राखून ठेवावेत, कारण भिंतीवरच्या, झाडांच्या बुंध्यांवरच्या आणि विजेच्या खांबांवरच्या पूररेषा आत्ता स्पष्ट दिसतात आणि पुढे पुसट होत जातात.

2019 आणि 2021 च्या महापुरांत कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. प्रवाशांची अडचण काही दिवसांत संपली. परंतु भरावाच्या वरच्या बाजूच्या शिवारातील पाण्याचा प्रश्न तसाच राहिला. पंचगंगा जेथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीजवळ कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी मुळातच सावकाश उतरते, आणि त्यात आडवा भराव व अपुऱ्या मोऱ्या असल्या तर ते आणखी रेंगाळते. शेंडा पाण्याबाहेर राहिलेला ऊस काही दिवस तग धरतो, पण शेंडा बुडाला की कुजतो. सोयाबीन आणि भुईमूग तर त्याआधीच हातचे जातात. म्हणून भरावाऐवजी खांबांवरचा पूल असावा, ही या भागातील मागणी केवळ वाहनांच्या सोयीची नाही.

प्रत्येक पूरखुणेचे छायाचित्र घ्यावे, गट क्रमांक व तारीख लिहावी आणि शक्य असल्यास पूर आला त्या दिवशीची पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील किंवा सांगलीच्या आयर्विन पुलावरील पाणीपातळी शेजारी नोंदवावी. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट आहे. ‘आमच्या शेतात पाणी येते’ या वाक्यापेक्षा ‘बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी असताना या गटात कमरेइतके पाणी होते आणि ते इतके दिवस उतरले नाही’ ही नोंद अभियंत्याला दुर्लक्षिता येत नाही.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 मधील कलम 3अ (3A) ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघते आणि कलम 3क (3C) नुसार ती प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत लेखी हरकत घेता येते. अधिसूचनेचा मजकूर दोन स्थानिक वृत्तपत्रांतही द्यावा लागतो. पण मुदत मोजताना राजपत्रातील तारीखच धरावी. माहिती अधिकारातील उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणजे अधिसूचनेनंतर नकाशा मागणाऱ्याच्या हाती तो मुदत संपल्यावर पडेल. त्यामुळे आखणीचा नकाशा, भरावाची उंची आणि मोऱ्या-पुलांची यादी यांसाठीचा अर्ज आत्ताच करणे शहाणपणाचे आहे.

हरकतीत काय लिहावे, याबाबत बहुतेक ठिकाणी गल्लत होते. बरेच अर्ज ‘दर कमी आहे’ एवढेच सांगतात. मोबदल्याची सुनावणी कलम 3ग (3G) च्या टप्प्यावर स्वतंत्र होते आणि तेथील रक्कम मान्य नसल्यास लवादाकडे जाता येते. 3क ची हरकत मात्र जमिनीच्या त्या वापरालाच असते. तेथे ओढा कोठून वाहतो, गावनकाशात तो कसा दाखवला आहे, मोरीचा तळ शेतातील चरापेक्षा खाली आहे की नाही, हे मांडावे. क्षारपड जमिनीत भूमिगत निचऱ्याचे नळ टाकलेले असतील, तर त्यांचे तोंड भरावाखाली गाडले जाणार नाही, अशी लेखी मागणी करावी. उपसा सिंचनाची जलवाहिनी रस्त्याखालून नेण्यासाठी मोठ्या व्यासाचा नळ बांधकामातच टाकून घ्यावा, कारण रस्ता पूर्ण झाल्यावर तीच परवानगी मिळवणे जिकिरीचे होते. भरलेली उसाची ट्रॉली सुटेल इतका उंच भुयारी मार्गही याच वेळी मागावा. ग्रामसभेचा ठराव जोडावा. मात्र ठराव म्हणजे हरकत नव्हे, हितसंबंधित प्रत्येक खातेदाराने आपला अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा प्रांत कार्यालयात, देऊन पोच घ्यावी आणि अर्जातच समक्ष सुनावणी मागावी.

विहीर, फळझाडे आणि जलवाहिनी यांची सातबाऱ्यावर नोंद आहे का, हे रब्बीच्या ई-पीक पाहणीबरोबरच तपासावे आणि नसल्यास ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या तलाठ्याकडे) अर्ज द्यावा. संयुक्त मोजणीच्या दिवशी खातेदाराने स्वतः बांधावर हजर राहावे.

नदीच्या बाजूचा प्रश्न वेगळा आहे. जलसंपदा विभागाच्या पूररेषांत निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखली जाते. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की आपला गट या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहावे. भाव वाढेल म्हणून पूरपट्ट्यातील जमीन पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे निवासी विभागात, घालण्याचा आग्रह काही खातेदार धरतात. तेथे मुरूम टाकून प्लॉट पडले की पाणी शेजारच्या उसात शिरते, आणि तो ऊस पुष्कळदा त्यांच्याच भावकीचा असतो. अशा प्रस्तावाला विरोध असल्यास तोही आराखड्याच्या नोटिशीतील मुदतीत, गट क्रमांक आणि पूरखुणांच्या छायाचित्रांसह नोंदवावा.