पिकअपचं ऑटो गिअर सतत वर-खाली व्हायचं, ते असं थांबलं

कोल्हापूर-गगनबावडा रोडला साठ-पासष्टच्या स्पीडला पाय एकदम स्थिर ठेवला तरी माझ्या पिकअपचा आरपीएम काटा पंधराशे ते एकोणीसशे नुसता नाचायचा, गिअर चढतोय उतरतोय, मागं माल असला की लईच. उद्यमनगरात एका मिस्त्रीनं थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं, मन मानंना.

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी गिअरबॉक्सचं ऑईल बघितलं, लालसर होतं, जळका वास नाही, म्हणजे ऑईल ठीक. मग स्कॅनर लावला, फॉल्ट कोड एकही नाही, पण लाईव्ह डेटात, म्हणजे सेन्सर त्या क्षणाला देतात त्या आकड्यांत, पाय न हलवता एक्सलेटरचं रीडिंग उड्या मारत होतं! गिअर कधी बदलायचा हे गाडीचा कॉम्प्युटर मुख्यतः स्पीड आणि पेडलवरनं ठरवतो ना. पेडल सेन्सरचा कनेक्टर काढला तर एका पिनवर हिरवा गंज, पावसाचं पाणी गेलेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन घट्ट केली, काटा जाग्यावर. भावांनो, आधी लाईव्ह डेटा बघायला सांगा.