गोल्डन रिट्रीव्हर घ्यायचा का? ग्वाल्हेरचा मे महिना आठवून ठरवा

आमच्याकडे सध्या तिसरा गोल्डन आहे. त्यामुळे दर हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या ओळखीच्या घरांतून फोन येतोच, ‘काका, मुलं मागे लागलीत, घेऊ का?’ हा कुत्रा गरीब, मुलांत रमणारा, खुशाल आणा, असं त्यांना कुणीतरी आधीच सांगितलेलं असतं. स्वभावाचं खरंच आहे ते. पण आपल्या गावात निर्णय स्वभावावर होत नाही.

आधी पहाटे फिरवायला नेणारं मोठं माणूस ठरवा. मुलांच्या शब्दावर जाऊ नका. मुलं दहावीला गेली की क्लास सुरू होतात, कुत्रा दहा-बारा वर्षं राहतो.

मग केस. वर्षभर गळतात, ऋतू बदलताना तर मुठीमुठीने. घरात आजींचं सोवळं असेल तर त्यांना विचारा, आणि त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा.

आता ऊन. इथेच मी चुकलो होतो.

ही जात 1868 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी तयार करायला घेतली, पाण्यात पडलेली शिकार उचलून आणण्यासाठी. म्हणून अंगावर केसांचे दोन थर. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, आणि कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी सगळी भिस्त धापेवर.

आमची पहिली सोना. मेमधली संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, ऊन उतरलं म्हणून तिला बाहेर काढलं. गल्लीतली फरशी दिवसभराची तापलेली. चौथ्या घरापाशी ती बसली. जीभ रुंद होऊन एका बाजूला लोंबत होती, हिरड्या लालभडक, लाळेची चिकट तार लागलेली. मला वाटलं हट्ट करतेय, म्हणून मी साखळी ओढली. त्याचं आजही वाईट वाटतं. शेजारच्या वहिनींनी धावत येऊन तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. डॉक्टरांकडे ताप 41 च्या वर निघाला; कुत्र्याचा एरवी 38-39 असतो. ती वाचली ती त्या बादलीमुळे.

म्हणून सांगतो, कुत्रा जिथे राहणार त्या जागी मेमध्ये भर दुपारी पंखा बंद करून अर्धा तास खाली बसा. जुन्या वाड्यातली तळमजल्याची दगडी खोली चालते. पत्र्याखालची खोली असेल तर गोल्डन आणूच नका. कूलरच्या भरवशावरही राहू नका. लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा, वाहते तोवर तो चांगला चालतो, पण जुलैच्या दमट हवेत निकामी होतो, आणि तेव्हा धापही पुरी पडत नाही. एसी आणि वीज गेल्यावरची सोय, दोन्ही हवं. फिरवणं पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. तेव्हाही हाताची पालथी बाजू सात सेकंद फरशीवर टेकवून बघा. भाजली तर परत फिरा. उन्हाळ्यात अंगावरचे केस भादरायचा सल्ला मुळीच ऐकू नका. कातडी उन्हात उघडी पडते आणि केस पुन्हा धड येत नाहीत.

एवढं जमत असेल तर पिल्लाची आई बघा, आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका.

जमत नसेल तर थंडीत आपल्याच गल्लीत बघा. देशी कुत्रीची पिल्लं तेव्हा असतातच, आणि हे ऊन त्यांना गोल्डनपेक्षा कितीतरी सोसतं. लसी त्यांनाही वेळेवर टोचा.