छोट्या कंपनीत एचआरची पहिली नोकरी: मस्टरपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

एमबीए, एमपीएम, एमएसडब्ल्यू किंवा कामगार कायद्याचा डिप्लोमा करून बाहेर पडलेल्यांच्या डोक्यात मुलाखती, ट्रेनिंग, अप्रेझल असं सगळं असतं. भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीत पहिल्या सकाळी टेबलावर येतं ते हजेरीचं मस्टर, आधीच्या माणसाने अर्धवट सोडलेल्या फाइली आणि पीएफ कन्सल्टंटचा फोन नंबर. मालक सांगतात, "तेवढं बघून घ्या." त्या 'तेवढं'मध्ये काय काय येतं, ते इथे चोवीस माणसांची कंपनी धरून मांडलं आहे. आकडा मुद्दाम चोवीस घेतला, कारण ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) आणि अंतर्गत तक्रार समिती (लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची) दहा माणसांवर लागू होतात, तर पीएफ आणि बोनस वीसवर. चोवीस म्हटलं की यातलं काहीच सुटत नाही.

सुरुवात नावापासून करा. हसू येईल, पण पीएफची अडकलेली प्रकरणं उघडून पाहिली तर बऱ्याच वेळा मुळाशी नावाचाच घोळ सापडतो. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर आणि पॅनवर आणखी तिसरंच काही. लग्न झालेल्या बाईंचं आधार सासरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या नावाने, हे तर घरोघरी. भरतीच्या दिवशी आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंगचं अक्षर न् अक्षर, जन्मतारीख आणि आधारला जोडलेला मोबाइल जुळवा. जुळत नसेल तर माणूस नवा असतानाच दुरुस्ती करून घ्या. आधी आधार, मग त्यावरून पॅन, शेवटी बँक. उलट्या क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावं लागेल.

पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, ऑगस्ट 2025 पासून उमंग अ‍ॅपवर चेहऱ्याच्या पडताळणीने काढायचा असतो. म्हणजे त्याचा फोन आणि तो स्वतः, दोन्ही समोर हवेत. "नंतर काढू" म्हटलं की पहिल्या महिन्याचा भरणा त्याच्याविना जातो. आधी कुठे काम केलं असेल तर जुनाच यूएएन चालवायचा. दोन यूएएन झाले की जुने पैसे एकीकडे आणि नवे दुसरीकडे पडून राहतात.

फॉर्म 11 वर, म्हणजे पीएफसाठी कामगाराने आपली माहिती द्यायच्या फॉर्मवर, सही घेऊन तो फाइलला लावून टाकतात, वाचत मात्र कुणी नाही. त्यातला एक प्रश्न महाग पडू शकतो: आधी पीएफचे आणि पेन्शन योजनेचे सभासद होता का? 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा सभासद होणाऱ्याचं पीएफचं वेतन 15,000 च्या वर असेल तर तो पेन्शन योजनेत बसत नाही. मालकाचा सगळा हिस्सा त्याच्या पीएफमध्ये जातो. सॉफ्टवेअर मात्र सवयीने सगळ्यांचे 8.33 टक्के पेन्शनला टाकतं. चूक कळते दहा-बारा वर्षांनी, तो माणूस पैसे काढायला जातो तेव्हा, आणि तोवर कंपनीत ते समजावून सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

ईएसआयसीची नोंदणी मात्र रुजू झाल्याच दिवशी करा. नियमात थोडी मुदत असली तरी ती वापरू नका. अपघात मुदत पाहून होत नाही. नोंदणीआधी बोट मशीनमध्ये गेलं तर खर्च आणि भरपाईचा प्रश्न थेट मालकाच्या दारात येतो. अपघात झाला की 24 तासांत ऑनलाइन अहवाल द्यायचा, जखम किरकोळ वाटली तरी.

नेमणूकपत्र प्रत्येकाला हवं, हेल्परलाही. 21 नोव्हेंबर 2025 ला चार श्रमसंहिता (नवे कामगार कायदे) लागू झाल्यापासून ते सरळ कायद्यातच आलं आहे. पत्रात पद, रुजू तारीख, पगाराची फोड, कामाची वेळ, परिविक्षेचे (प्रोबेशनचे) महिने आणि नोटिशीचा काळ एवढं असलं तरी पुरे. परिविक्षा संपायच्या पंधरा दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाका. कायम करायचं की मुदत वाढवायची, ते लेखी द्या. काहीच पत्र न देता माणूस वर्षभर राबत राहिला आणि मग "तो प्रोबेशनवरच होता" म्हणून काढला, तर ते कुठेही टिकत नाही. आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका. मालकांनी आग्रह धरला तरी नाही. पाहून, झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' लिहून परत द्यायची.

आता पगार. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 15,000 आणि दुसरा भत्ता नाही, असा एक पुरुष कामगार घ्या. पीएफ 12 टक्क्यांनी 1,800. ईएसआयसी 0.75 टक्क्याने 112.50, ते वरच्या रुपयात 113. व्यवसाय कर 200. एकूण कपात 2,113, हातात 12,887. मालकाच्या बाजूने 1,250 पेन्शन योजनेला आणि 550 पीएफला, 75 विमा योजनेला, 75 प्रशासन खर्च (हा खर्च सगळ्या कंपनीचा मिळून महिन्याला किमान 500) आणि ईएसआयसीचे 3.25 टक्के म्हणजे 488. म्हणजे 15,000 चा माणूस कंपनीला 17,438 ला पडतो, आणि यात बोनस, रजा आणि ग्रॅच्युइटी धरलेलीच नाही. हा हिशेब मालकांना भरतीच्या आधी दाखवा. नंतर दाखवला तर तोच आकडा भांडणाचा होतो.

व्यवसाय करात दोन ठिकाणी हमखास चुकतं. फेब्रुवारीत 200 नव्हे, 300 कापायचे असतात, तेव्हा कुठे वर्षाचे 2,500 भरतात. आणि महिलांना महिन्याला 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर नाही. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून जातो: कामगाराचे 25, मालकाचे 75. रक्कम किरकोळ म्हणूनच विसरली जाते. तारखा पाठ करा: पगार सात तारखेच्या आत, पीएफ आणि ईएसआयसी पंधराच्या आत. पीएफ चुकला तर वर्षाला 12 टक्के व्याज आणि वर महिन्याला 1 टक्का दंड. पंधरा तारखेला दुपारी पोर्टल चालेल या भरवशावर राहू नका, दहालाच चलन काढा.

ईएसआयसीची मर्यादा 21,000. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सहामाह्या असतात. मे महिन्यात पगारवाढ होऊन 22,000 झाले तरी कपात सप्टेंबरपर्यंत चालूच ठेवायची. मध्येच थांबवली तर पुढच्या सहामाहीत दवाखान्यात त्याचं कार्ड चालत नाही, आणि तो तिथून फोन तुम्हालाच करतो.

किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. दोन्ही वेळा नवा दर काढून आपल्या सगळ्यात खालच्या पगाराशी ताडून पाहा. परिमंडळ (किमान वेतनासाठी ठरवलेला विभाग) कोणतं आणि माणूस कुशल, अर्धकुशल की अकुशल, हे आधी ठरलेलं हवं. श्रमसंहितेतल्या वेतनाच्या नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त ठेवता येत नाहीत. ठेवले तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनातच धरला जातो. बेसिक 4,000 आणि बाकी सगळे भत्ते, ही जुनी चलाखी आता हिशेबात उघडी पडते.

पण सगळ्यात जास्त भांडणं पैशाच्या टक्क्यांवरून होत नाहीत, होतात भागाकारावरून. एका दिवसाचा पगार काढताना 15,000 ला 26 ने भागलं तर 577, 30 ने भागलं तर 500. काही कंपन्या गैरहजेरी कापताना 26 ने भागतात आणि ओटी (जादा कामाचे पैसे) देताना 30 ने. कामगार गणितात कच्चा असतो असं समजणाऱ्यांनी हे करून पाहावं, तिसऱ्या महिन्यात चहाच्या टपरीवर सगळा हिशेब मांडला जातो. एकच भाजक ठरवा, लेखी लावा, दोन्हीकडे तोच वापरा. ओटी दुप्पट दराने. आठ तासांची पाळी आणि 26 दिवस धरले तर तासाला 72, दुप्पट 144 च्या आसपास.

'तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस कट' ही पाटी बहुतेक ठिकाणी लावलेली असते. कायदा सांगतो की गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच हवी. दहा-दहा मिनिटं तीनदा उशीर झाला तर अर्ध्या तासाचा पगार कापता येतो, चार तासांचा नाही. उशिराची सवय मोडायची असेल तर तोंडी समज, लेखी समज, मग नोटीस, असा रस्ता धरा. मोडतोडीचे पैसे परस्पर कापणंही तसंच. आधी लेखी विचारायचं, त्याचं म्हणणं घ्यायचं, मग ठरवायचं. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

मस्टरवर पेन्सिल नको, व्हाइटनर तर नकोच. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर नोंद आणि सही. बायोमेट्रिक असलं तरी दर महिन्याचा अहवाल छापून त्यावर विभागप्रमुखाची सही घ्या. मशीन बिघडलं की मागचा डेटा जातो, आणि वाद दोन वर्षांनी येतो. रजेचा अर्जही लेखी किंवा मेलवर. 'सरांना फोनवर सांगितलं होतं' हे मंजूर रजेत धरायचं की नाही, याचा नियम आधी करा, नंतर माणूस पाहून नको.

हाऊसकीपिंग आणि सिक्युरिटीचे लोक कंत्राटदाराचे, आपले नाहीत, असा समज असतो. त्यांचा पीएफ कंत्राटदाराने भरला नाही तर वसुली मुख्य मालकाकडून, म्हणजे आपल्याच कंपनीकडून होते. म्हणून बिल पास करताना नुसतं चलन बघू नका, त्यासोबतची नावांची यादी मागा. चलन चाळीस जणांचं असतं, पण त्यात आपल्या गेटवरचे चार जण आहेत का, हे यादीशिवाय कळत नाही.

अंतर्गत तक्रार समितीबद्दल थोडक्यात. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, एक बाहेरची व्यक्ती आणि एकूण सदस्यांत किमान निम्म्या महिला. नावं भिंतीवर लावा. तक्रार तीन महिन्यांच्या आत यावी, चौकशी 90 दिवसांत संपावी. तक्रार आल्यावर समिती नेमायला धावणारी कंपनी तिथेच अर्धी हरते.

माणूस न सांगता यायचा बंद झाला, तर 'नाव कमी केलं' अशी नोंद करून मोकळं होऊ नका. काम सोडणं हा आरोप आहे आणि तो सिद्ध करावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या ठाऊक असलेल्या दोन्ही पत्त्यांवर, गावाकडच्या आणि इथल्या, मराठीत पत्र पाठवा: अमुक तारखेपासून गैरहजर आहात, अमुक तारखेपर्यंत रुजू व्हा किंवा कारण कळवा. सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. परत आलेलं पाकीट फोडायचं नाही, तसंच फाइलला लावायचं. आठ-दहा दिवसांच्या अंतराने अशी आणखी दोन पत्रं, तरी नाही आला तर आरोपपत्र आणि चौकशी.

आरोपपत्रात 'वर्तन चांगलं नाही' असं लिहून काही साधत नाही. तारीख, वेळ, जागा, काय केलं, कुणी पाहिलं, हे हवं. उत्तराला पुरेसे दिवस द्या. चौकशी करणारा अधिकारी तक्रारदार किंवा साक्षीदार नको, आणि साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी कामगाराला मिळालीच पाहिजे. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या. त्याने सही नाकारली तर तसं लिहून हजर असलेल्यांची सही घ्या. घाईत मागून घेतलेला राजीनामा हा सोपा मार्ग वाटतो, पण त्यावर तारीख एकाच्या अक्षरात आणि सही दुसऱ्याच्या, असं दिसलं की तोच कागद कंपनीवर उलटतो.

राजीनामा खरा असेल तर स्वीकृतीचं पत्र त्याच दिवशी द्या, शेवटचा दिवस त्यात लिहा. शेवटचा पगार आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, म्हणून ओळखपत्र, लॅपटॉप, अवजारं परत घेण्याची यादी आठवडाभर आधी फिरवा. हिशेबात कामाचे दिवस, शिल्लक अर्जित रजा, बोनस आणि ग्रॅच्युइटी येते. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनाला 15 ने गुणून, 26 ने भागून, पुन्हा वर्षांनी गुणायची. 15,000 वेतन आणि 7 वर्षं 8 महिने नोकरी असेल तर वर्षं आठ धरायची, रक्कम 69,231. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष होतो. ठरावीक मुदतीच्या कामगाराला नव्या संहितेत एका वर्षानंतरच ती लागू होते.

पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख लगेच टाका, आणि खरी टाका. नव्या ठिकाणची रुजू तारीख आपण टाकलेल्या तारखेच्या आधीची निघाली तर ट्रान्सफर अडकतं. तारीख टाकलीच नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सभासद स्वतः ती टाकू शकतो, पण तोवर त्याचे फोन येत राहतात, आणि ते घ्यावे लागतात.

अनुभवपत्र रोखून धरू नका. वसुली बाकी असेल तर तिचं वेगळं पत्र द्या.