पहिला ‘हिट’ मिळाला की आधी तांबं शोधा

पीएचडीचं दुसरं वर्ष संपताना माझ्याकडे लेशमानियाविरुद्ध, म्हणजे काळा आजार घडवणाऱ्या परजीवीविरुद्ध, बनवलेली २४ ट्रायझोल (तीन नायट्रोजन असलेलं पाच अणूंचं कडं असलेले रेणू) होती. त्यांतली ११ संयुगं ५ मायक्रोमोलरच्या आत परजीवी मारत होती, म्हणजे चाचणीच्या भाषेत ‘हिट’ होती. पुढचे आठ महिने मी त्या ११ आकड्यांच्या भरवशावर काम केलं, आणि ते आकडे माझ्या रेणूंचे नव्हतेच. लिहिताना आजही पोटात खड्डा पडतो. पण परजीवींवरच्या औषधांच्या संश्लेषणात नव्याने येणाऱ्या कुणाचे तरी आठ महिने वाचले तर बरं, म्हणून लिहिते. कॉलम, एनएमआर, आयसी५० तुम्हाला माहीत आहे असं धरते.

ट्रायझोल आपण सगळेच ‘क्लिक’ने, म्हणजे तांब्याच्या मदतीने दोन तुकडे जोडून, बनवतो. ॲझाइड, अल्काइन, कॉपर सल्फेट, सोडियम ॲस्कॉर्बेट, आणि सकाळपर्यंत पदार्थ तयार. या रसायनाला २०२२ चं नोबेल मिळालं ते योग्यच आहे. माझ्या अर्ध्या रेणूंमध्ये ट्रायझोलला लागून पिरिडीन (एक नायट्रोजन असलेलं सहा अणूंचं कडं) होतं आणि नेमके तेच सर्वांत जास्त मारत होते. मी लगेच निष्कर्ष काढला की पिरिडीनचा नायट्रोजन परजीवीच्या एखाद्या एन्झाइमला धरत असणार. मग मेथिल लावलं, फ्लोरिन लावलं, नायट्रोजनची जागा बदलली. नायट्रोजन ट्रायझोलपासून दूर नेला की परिणाम नाहीसा व्हायचा. यापेक्षा सुबक रचना-परिणाम संबंध मी कुठल्या शोधनिबंधात पाहिला नव्हता.

आता हे सावकाश वाचा. ट्रायझोल आणि त्याच्या शेजारचं पिरिडीन मिळून तांब्याला दोन बाजूंनी पकडतात. पकड इतकी पक्की असते की साध्या पाण्याने धुऊन किंवा सिलिकाच्या कॉलममधून काढूनही ते सुटत नाही. टीएलसीवर एकच स्पॉट दिसतो, कारण तांब्याचा वेगळा स्पॉट पडत नाही. मास स्पेक्ट्रममध्ये तुमचा रेणू बरोबर दिसतो. एचपीएलसी ९८ टक्के शुद्धता दाखवते, कारण तिला फक्त यूव्ही शोषणारे सेंद्रिय घटक दिसतात. नायट्रोजन दूर नेला की पकड सुटते, तांबं धुऊन जातं आणि परिणामही जातो. मी ज्याला परजीवीच्या एन्झाइमची आवड समजत होते ती तांब्याची आवड होती.

खुणा होत्या, मी त्या टाळल्या. पावडरला किंचित हिरवट झाक होती. एनएमआरमध्ये पिरिडीनचे पीक पसरट येत होते. मी शिमिंगला (यंत्राचं चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याला) दोष दिला, पण द्विसंयुजी तांबं अनुचुंबकीय असतं आणि जवळच्या प्रोटॉनचे पीक पसरवतं. मूलद्रव्य विश्लेषणात कार्बन एका टक्क्याहून जास्त कमी आला. चालतो तो फरक ०.४ टक्क्यांचा. मी ‘ओलावा असेल’ म्हणून पुढे गेले.

बिंग फुटलं ते नवी बॅच केल्यावर. या वेळी मी सौम्य अमोनिया आणि ईडीटीएने (धातू पकडून काढणाऱ्या रसायनाने) तीनदा धुतलं होतं, कारण इमल्शन सुटत नव्हतं. एवढंच कारण! ती बॅच ५० मायक्रोमोलरलाही काही करेना. मग जुनी बॅच आयसीपी-एमएसला, म्हणजे धातू मोजणाऱ्या चाचणीला, दिली, तर साधारण दहा रेणूंमागे एक तांब्याचा अणू निघाला. शेवटी स्वच्छ संयुगात तेवढंच कॉपर सल्फेट मुद्दाम मिसळून पुन्हा चाचणी केली आणि परजीवी पुन्हा मेले. लेशमानियाचं ऑक्सिडेटिव्ह ताणापासूनचं संरक्षण ट्रायपानोथायोन या थायोलवर (गंधक-हायड्रोजन गट असलेल्या रेणूवर) उभं असतं. आत शिरलेलं तांबं थायोलचं ऑक्सिडीकरण करतं. त्यामुळे असा विष-परिणाम होणं नवलाचं नाही. पण ते माझं औषध नव्हतं.

म्हणून क्लिकनंतर ईडीटीए-अमोनियाने धुणं किंवा थायोल-सिलिका वापरणं सक्तीचं समजा. पहिल्या हिटनंतर धातूची तपासणी करून घ्या. जमलं तर तांब्याशिवाय, नुसत्या उष्णतेने ट्रायझोल बनवा. १,४ आणि १,५ या दोन समघटकांचं मिश्रण येईल, ते वेगळं करताना जीव जाईल, तरी करा. पॅलेडियमच्या कपलिंगलाही हेच लागू.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. प्रोमॅस्टिगोटवरचा निकाल म्हणजे वाळूमाशीच्या आतड्यातल्या अवस्थेवरचा निकाल. माणसात परजीवी मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीच्या आत अमॅस्टिगोट म्हणून राहतो, ३७ अंशांना. तिथे चाचणी नसेल तर ‘हिट’ शब्द वापरू नका. त्याच मॅक्रोफेजवरची विषारिता मोजा. निवडकता निर्देशांक (पेशीला मारणारी मात्रा भागिले परजीवीला मारणारी मात्रा) दहाच्या खाली असेल तर तुम्ही बहुधा पेशीच मारताय. डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळलं म्हणजे माध्यमात विरघळलं असं नाही, प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आणि नुसत्या डॉकिंगच्या (रेणू प्रथिनात बसतो का हे संगणकावर बघण्याच्या) आधारावर चाळीस रेणू बनवायला घेऊ नका. माझ्या मते एक वर्ष वाया घालवण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

मार्गदर्शक निवडताना मी एकच गोष्ट बघेन. वाईट निकाल घेऊन गेल्यावर ते आधी काय विचारतात? माझ्या मॅडमनी विचारलं, “जुनी बाटली शिल्लक आहे का?” त्या प्रश्नाने मला वाचवलं. ‘हा निकाल बाजूला ठेव’ म्हणणाऱ्यांकडे शोधनिबंध लवकर येत असतील, तरी तिथे जाऊ नका.

घाबरवायचा हेतू नाही. या क्षेत्रात टाकून दिलेले रेणूही परत येतात. मिल्टेफोसिन कर्करोगासाठी शोधलं होतं. २००२ मध्ये ते भारतात काळ्या आजारावरचं तोंडाने घ्यायचं पहिलं औषध झालं. फेक्सिनिडॅझोल १९७० च्या दशकातलं, मध्येच सोडून दिलेलं. २०१८ मध्ये निद्रारोगासाठी युरोपच्या औषध संस्थेने त्याला अनुकूल मत दिलं. त्यात नायट्रो गट आहे, जो अनेक जण यादीतून आधीच खोडतात. बॅच फसली म्हणून बाटली फेकू नका, लेबल नीट लावा.

माझ्या ११ पैकी ९ गेले. उरलेल्या दोघांतला एक मॅक्रोफेजही मारतो. दुसरा, ज्यात पिरिडीन मुळातच नाही आणि ज्याच्याकडे मी वर्षभर लक्षच दिलं नव्हतं, अमॅस्टिगोटवर ६ मायक्रोमोलरला काम करतो. निर्देशांक १३ आहे. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सध्या त्याच्या एका टोकाला मॉर्फोलिन लावते आहे. पहिली बॅच काल कॉलममधून उतरली, पांढरी शुभ्र आहे, आणि चाचणीआधी धातूच्या तपासणीला गेली आहे.