नोटेशन सॉफ्टवेअरमधला केरवा खरा कसा वाजेल?

एका एकांकिकेच्या तालमीत मी माझा पहिला डेमो ऐकवला, नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे लिहिलेली स्वरलिपी वाजवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, केलेला. दिग्दर्शक अर्धा मिनिट गप्प बसला आणि म्हणाला, "टायपिंगची परीक्षा चाललीये का रे?" बासरी, व्हायोलिन, पियानो यांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. ठेका मात्र त्याला सहन होईना. आणि खरंच, सगळे ठोके एकाच जोरानं, एकाच अंतरानं पडत होते. कळफलकावर बोटं आपटावीत तसे.

घरी येऊन मी जे केलं ते बहुतेक नवीन मंडळी करतात: साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संच, गोळा करायला लागलो. दोन महिने. हार्ड डिस्क भरली, ठेका तसाच राहिला. हे आधीच सांगतो, कारण म्यूझस्कोअर, सिबेलियस, डोरिको यांतलं कुठलंही नोटेशन सॉफ्टवेअर वापरा, पहिला मोह हाच होतो. चांगले आवाज लागतात, पण ते नंतर. आधी आपण लिहिलेलं कुणा माणसाला वाजवता येईल का, हे बघायचं.

मला ते आमच्या ढोलकीवाल्या काकांनी दाखवलं. गणपतीत ते ऑक्टापॅडही वाजवतात. ड्रमसेटच्या पट्टीची (स्वरलिपीतल्या रेघांच्या ओळीची) छापील प्रत हातात घेऊन त्यांनी मांडीवर वाजवून पाहिली आणि तिसऱ्या ओळीला थांबले. "इथे तिसरा हात कुठून आणू?" मी एकाच मात्रेवर स्नेअर, हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि टॉम असे ड्रमसेटचे तिन्ही भाग लिहिले होते. सॉफ्टवेअर काही बोलत नाही, मुकाट्यानं तिन्ही वाजवतं. कान मात्र खोटेपणा पकडतो, कारण आपण आयुष्यभर दोन हातांचेच वादक ऐकलेले असतात. तेव्हापासून प्रत्येक ओळ मी आधी टेबलावर दोन हातांनी आणि जमिनीवर पायानं वाजवून बघतो. शेजारी म्हणतात, हा अजून तबला शिकतोय.

आता आतली यंत्रणा थोडी समजून घ्या, नाहीतर चुका कुठून येतात ते कळणार नाही. मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातली सूचनांची भाषा. १९९१ साली तिचं जनरल मिडी नावाचं प्रमाण ठरलं. त्यात तालवाद्यांना दहावी वाहिनी (चॅनेल) राखून ठेवली आणि ३५ ते ८१ या क्रमांकांवर एकेक वाद्य बसवलं. ३६ म्हणजे बेस ड्रम, ३८ स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडा हाय-हॅट. एकदा मी स्नेअरची पट्टी चुकून साध्या सुरेल वाद्याची म्हणून घेतली. फाइल मिडीत काढून दुसऱ्या मशिनवर वाजवली तर स्नेअरच्या जागी पियानोचा खर्जातला 'डी' ठणाणा करत होता, कारण दहाव्या वाहिनीच्या बाहेर ३८ म्हणजे तोच सूर. तुमचे ड्रम्स अचानक पियानो झाले तर आधी वाहिनी तपासा.

या ४७ आवाजांत तबला नाही, ढोलकी नाही. बोंगो आहेत, काँगा आहेत. कच्च्या खर्ड्यासाठी मी अजूनही ६० आणि ६१ चे बोंगो वापरतो, पण तो डेमो कुणाला पाठवत नाही.

दुसरी गोष्ट जोर, म्हणजे व्हेलॉसिटी. ती १ ते १२७ असते. म्यूझस्कोअरच्या साउंडफॉन्टमध्ये पट्टीच्या सुरुवातीला 'एमएफ' हे मध्यम जोराचं चिन्ह लिहिलं की खालच्या प्रत्येक ठोक्याला ८० मिळतात. ऐंशी, ऐंशी, ऐंशी, ऐंशी. हीच ती टायपिंगची परीक्षा. हाय-हॅटच्या आठ ठोक्यांत मात्रेवरचे ८५ च्या आसपास आणि मधले ५५ वर आणून बघा, एवढ्यानंच ठेका श्वास घ्यायला लागतो. स्नेअरचे हळू, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके ३० च्या आसपास ठेवा. नोटेला नुसता कंस घातला म्हणून ती हळू वाजेलच असं नाही. तिथे 'पीपी'चं, म्हणजे अगदी हळूचं, चिन्ह लावायचं, पुढच्या ठोक्यावर पुन्हा 'एमएफ', आणि दोन्ही 'व्ही' ही कळ दाबून अदृश्य करायची.

अर्थात अशी पन्नास अदृश्य चिन्हं पेरली की पान संपादित करणं नकोसं होतं. म्हणून मी प्रत्येक कामाच्या दोन फाइली ठेवतो: एक वाचायची, एक ऐकायची. वाचायच्या प्रतीत वादकाला लागतं तेवढंच, एका पट्टीत. ऐकायच्या प्रतीत बेस ड्रम, स्नेअर, हाय-हॅट वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे मिक्सरमध्ये प्रत्येकाचा आवाज वेगळा हाताळता येतो. स्नेअरचा रोल, म्हणजे सलग भराभर ठोके, वाचायच्या प्रतीत दांडीवर तीन रेघा मारून लिहितो. ऐकायच्या प्रतीत त्या काढून रोलचं खरं रेकॉर्डिंग बसवतो, कारण एकच सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेला एकच तुकडा, भराभर वाजलं की मशिनगन ऐकू येते. काम दुप्पट होतं. पण एकाच प्रतीकडून दोन्ही कामं करून घ्यायच्या नादात मी दोन्ही बिघडवली आहेत.

ढोलकी-तबल्याचे आवाज शेवटी स्वतःच रेकॉर्ड केले. पंखा बंद, फ्रिज बंद, दुपारी तीनची वेळ. प्रत्येक बोल तीन जोरांत आणि प्रत्येक जोराचे तीन-तीन आघात. मग पॉलिफोन या मोफत प्रोग्रॅममध्ये साउंडफॉन्ट बांधला. साउंडफॉन्टमध्ये आळीपाळीनं सॅम्पल बदलण्याची सोय नसते. म्हणून 'ना'चे तीन आघात तीन वेगळ्या क्रमांकांवर ठेवले, ड्रमसेटच्या खिडकीत तिघांना एकच रेघ दिली आणि लिहिताना क्रमांक बदलत गेलो. कागदावर सारखं दिसतं, कानाला वेगळं लागतं. सॅम्पल कापताना आघाताआधीची शांतता शून्यावर आणा. १२० च्या लयीत मात्रेचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा. सुरुवातीला १५ मिलिसेकंद शांतता राहिली तर सगळा तबला सुस्तावतो आणि दोष आपण लयीला देत बसतो.

एवढं करून केरवा लावला, आठ मात्रांचा ठेका. धा गे ना ति, न क धिं न. प्रत्येक बोल खरा, तरी केरवा लागेना. नुसता गदारोळ. दोन दिवस जोर वरखाली करत बसलो. काकांना ऐकवलं तर म्हणाले, "खाली कुठेय?" खाली म्हणजे तालाचा तो हलका भाग, जिथे डग्गा गप्प असतो.

केरव्याचा सगळा डौल डग्ग्याच्या, म्हणजे डाव्या हाताच्या खर्जातल्या वाद्याच्या, उघडझापीत आहे. 'धा' आणि 'गे'ला डग्गा घुमतो, 'ति न क'ला गप्प होतो, 'धिं'ला पुन्हा उघडतो. खऱ्या वादकाचा तळवा चामड्यावर पडला की 'गे'ची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, तिथेच तुटते. माझ्या फाइलमध्ये तळवाच नव्हता. 'गे'चं सॅम्पल दीड सेकंदाचं, ते 'ति'वरून, 'न'वरून, 'क'वरून खुशाल घुमत 'धिं'मध्ये जाऊन मिसळत होतं. खालीची जागा भरून गेली होती.

इलाज हाय-हॅटपाशी आधीच होता. बंद हाय-हॅट वाजला की उघड्याचा नाद कापला जातो, कारण साउंडफॉन्टमध्ये दोघांना 'एक्सक्लुझिव्ह क्लास' नावाच्या रकान्यात एकच आकडा दिलेला असतो. मी 'गे' आणि 'क' दोघांना ५ दिला. पण 'क' तर सहाव्या मात्रेवर येतो, आस तुटायला हवी चौथ्या मात्रेवर. मग ऐकायच्या प्रतीत 'ति'च्या खाली डग्ग्याचा एक जवळजवळ मुका 'क' लिहिला, जोर १२. तोच तळवा. खाली परत आली. अख्ख्या खटाटोपात सगळ्यात जास्त फरक त्या बाराच्या आकड्यानं पडला असेल.

डाव्या-उजव्याचे सॅम्पल वेगळे ठेवा, हेही ओघानं आलं. 'धा' एकसंध रेकॉर्ड केला की त्यातला डग्गा वेगळा कापता येत नाही.

सुराचं भान ठेवा. माझा तबला काळी एकमध्ये लावलेला होता. गायिकेनं गाणं काळी दोनमध्ये घेतलं तेव्हा सॅम्पल दोन अर्धस्वर वर चढवून निभावलं. त्याहून जास्त ताणलं की तबल्याचा डबा होतो, पुन्हा रेकॉर्ड करणं बरं. 'ह्यूमनाइझ'च्या बटणावर माझा विश्वास नाही. ते ठोके कसेही मागेपुढे ढकलतं आणि वादक प्यायलेला वाटतो. ढकलायचंच तर सम, म्हणजे पहिली मात्रा, हलवू नका. रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्या घुमण्याचा परिणाम, सगळ्या वाद्यांना एकाच खोलीचा द्या.

डग्ग्याची घसीट मात्र मला अजून जमलेली नाही. मनगट दाबत वर चढणारा तो सूर पिच बेंडनं, म्हणजे सूर वरखाली सरकवणाऱ्या सोयीनं, करून पाहिला, कार्टूनमधला आवाज निघाला. जिथे घसीट हवीच तिथे आता मी ऐकायच्या प्रतीत दोन मात्रा रिकाम्या ठेवतो आणि वर निळ्या अक्षरांत लिहितो: 'इथे काका'.